सातेरीसाठी पट्ट्यांची पेटी

आमच्या कुडाळकडच्या गावांत सातेरी म्हटलं की आधी देवी आठवते, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी. त्याच नावाची मधमाशीही वाळवीने सोडून दिलेल्या वारुळात नाहीतर झाडाच्या ढोलीत राहते. अंधारात, एकाला लागून एक अशी पाच-सात पोळी बांधते. ही माशी पाळायची तर एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: घर मानवलं नाही, मुंग्या लागल्या, उपासमार झाली किंवा कोणी सारखं उघडून बघत राहिलं, तर ती पोळी टाकून निघून जाते. तेव्हा पेटी बांधण्यापासून मध काढण्यापर्यंत प्रत्येक वेळी मी एवढंच बघते की ती राहील ना.

माझ्या सासऱ्यांकडे चौकटीच्या पेट्या होत्या. त्यांना तारा लागतात, मेणपत्रा (पोळ्याचा साचा उठवलेला मेणाचा पत्रा) लागतो, मध काढायचं यंत्र लागतं. पट्ट्यांच्या पेटीला यातलं काही लागत नाही. लांबट पेटी, तिच्यावर शेजारी शेजारी टाकलेल्या लाकडी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला खाली लोंबणारं एक पोळं. पोळं माशी तिच्याच मापाने बांधते. मध थोडा कमी मिळतो. माझ्या एका पेटीतून चांगल्या वर्षी चार-पाच किलो निघतो. विकायला मध हवा असेल तर चौकटीची पेटीच घ्या. मला काजूच्या बागेत माशी हवी होती, आणि ती तिच्या पद्धतीने राहिलेली बघायची होती.

आता माप. इथे चूक झाली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ही पेटी 1970 च्या दशकात केनियात तिथल्या माशीसाठी रूढ झाली. तिथे पट्टी 32 मिलिमीटर रुंद ठेवतात, युरोपियन माशीला 35 लागते. सातेरी अंगाने लहान, तिला 30 पुरते. माझी पहिली पेटी मी 35 च्या मापाने करून घेतली होती. पहिली दोन पोळी बरोबर पट्टीच्या मध्यावर आली. पण माशी पोळी बांधते ती स्वतःच्या अंतराने, त्यामुळे दर पोळ्यामागे 5 मिलिमीटरचा फरक साचत गेला आणि पाचवं पोळं थेट दोन पट्ट्यांच्या सांध्यावर आलं. एक पट्टी उचलली की दोन पोळी फाटायची. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांनी भरलेला पोळ्याचा भाग, खाली पडला, आणि आठवड्याभरात माश्या गेल्या. म्हणून मेस्त्रींना सांगताना अंदाजाने सांगू नका. एक पट्टी 30 मिलिमीटरची नीट तासून घ्या, ती नमुना म्हणून त्यांच्या हातात द्या, आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून तपासा.

पेटी मी फणसाच्या जुन्या फळ्यांची केली, 2 सेंटीमीटर जाडीच्या. आतून लांबी 73 सेंटीमीटर, खोली 20. तळ 10 सेंटीमीटर रुंद, वरचं तोंड 33. म्हणजे दोन्ही बाजू गुरांच्या गव्हाणीसारख्या तिरक्या, तळाशी 120 अंशांचा कोन करणाऱ्या. बाजू अशा उतरत्या असल्या की माशी पोळं भिंतीला कमी चिकटवते. पट्ट्या 38 सेंटीमीटर लांबीच्या 24, एकमेकींना घट्ट भिडवलेल्या. उरलेल्या सेंटीमीटरभर जागेत एक बारीक रिप. प्रत्येक पट्टीच्या खालच्या बाजूला मधोमध त्रिकोणी धार काढायची आणि तिच्यावर वितळलेल्या मेणाची रेघ ओढायची. त्या रेघेपासून माशी बांधायला घेते. मेण मधमाशीचंच हवं, मेणबत्तीचं चालत नाही. आतून रंग, वॉर्निश काही नको.

सांधे मात्र अगदी बंद हवेत. युरोपियन माशी झाडांचा डिंक आणून फटी बुजवते, सातेरी डिंक आणत नाही. जी फट तुम्ही ठेवाल ती तशीच राहील, आणि तिच्यातून मेणकिड्याचा पतंग आत शिरेल. मी फटी मेणाने भरते. ये-जा करायला एका टोकाला 8-10 मिलिमीटरची चार भोकं पुरतात. मोठं दार ठेवलं तर गांधीलमाशी आत घुसते.

आणखी एक आडफळी लागते, पेटीच्याच आकाराची, आत मागेपुढे सरकणारी, खाली बोटभर खाच असलेली. सुरुवातीला आठ पट्ट्यांएवढीच जागा द्या आणि पोळी भरतील तशी आडफळी मागे न्या. रिकामं घर मोठं असलं की माश्यांना ते राखता येत नाही.

जागा सावलीची, सकाळचं ऊन लागणारी. पेटी कमरेएवढ्या उंच पायांवर, पाण्याच्या पातळीने बघून अगदी समतल. माशी पोळं ओळंब्यासारखं सरळ खाली सोडते, पेटी कलली तर पोळं पट्टी सोडून जातं. चारही पाय पाणी भरलेल्या डब्यांत. दर दोन दिवसांनी ते पाणी बघा, कारण वाळलेलं एक पान डब्यात आडवं पडलं तर मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. वर पत्रा, आणि पत्र्यावर माडाची झापं, नाहीतर मार्चच्या उन्हात नवं मेण मऊ पडतं.

माश्या आणायच्या दोन वाटा. सोपी वाट म्हणजे वाट बघणं: पेटीला आतून जुनं मेण चोळा, गवती चहाची पात चुरगळून फिरवा आणि दिवाळीनंतर माश्यांचे थवे नवं घर शोधायला निघतात तेव्हा झाडाखाली ठेवून द्या. दुसरी वाट म्हणजे वसाहत हलवणं. पडक्या भिंतीतली किंवा तोडायच्या झाडातली, जी नाहीतर मरणारच, तेवढीच मी हलवते. जंगलातली नांदती ढोली फोडू नका. संध्याकाळी, थोड्या धुरात, पोळी एकेक कापून घ्यायची. पिलाव्याची पोळी केळीच्या सोपटाने पट्टीला बांधायची, होती त्याच क्रमाने. राणी लांब पोटाची, काळपट असते. ती आत गेली की बाकीच्या रांगेने मागून येतात. पिलावा सोबत असला तर माश्या सहसा सोडून जात नाहीत. चार-पाच दिवसांत त्या पोळं पट्टीला चिकटवतात आणि सोपट कुरतडून भोकांतून बाहेर टाकतात. ते खाली पडलेलं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एकदाच उघडा, सकाळी नऊ-दहाला. नारळाच्या सोडणाचा धूर, दोन फुंकर, जास्त नको. केळं खाऊन जाऊ नका, डंखाच्या वेळी माशी जो गंध सोडते तो पिकल्या केळ्यासारखा असतो. पेटीला धक्का लागला की आतून सळसळ अशी लाट येते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. ती ऐकली की हात थांबवा, शांत होऊ द्या.

पट्टी उचलण्याआधी पातळ सुरी भिंतीच्या कडेने खालून वर फिरवून चिकटलेला भाग सोडवून घ्या. मग पट्टी दोन्ही टोकांना धरून सरळ वर. दुसरी बाजू बघायची तर पोळं ताटासारखं आडवं करायचं नाही, ते तारेशिवायचं आहे, जागीच तुटेल. पट्टीचं एक टोक वर करून पट्टी उभी धरा, दार फिरवावं तशी तिला अर्धा फेरा द्या, आणि टोक पुन्हा खाली आणा. पोळं पूर्ण वेळ उभंच राहिलं पाहिजे. आधी रिकाम्या पट्टीवर चार वेळा हात बसवा.

काय बघायचं? घरांच्या तळाशी अंडी आहेत का. नरांच्या घरांची झाकणं फुगीर असतात आणि सातेरीत त्यांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. अशी बरीच दिसली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं लोंबू लागली, तर थवा निघायची तयारी आहे. आडफळी सरकवून जागा वाढवा. सातेरी जुनं मेण कुरतडून खाली टाकते आणि त्या भुग्यात मेणकिडा वाढतो. तळ दर पंधरवड्याला झाडून काढा. औषध मी कधी वापरलेलं नाही.

डंख बसला तर काटा लगेच नखाने खरवडून काढा. श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर थेट दवाखाना.

आमच्याकडे मध एप्रिलमध्ये, काजू नि जांभळाचा फुलोरा झाल्यावर. दारापासून लांबची, मेणाने पूर्ण झाकलेली पोळी तेवढीच घ्या. उघडा मध पातळ असतो, आंबतो. पोळं कापताना पट्टीला बोटभर मेण ठेवा, तिथूनच ती पुन्हा बांधेल. कुस्करून मलमलच्या कापडातून रात्रभर गाळा, पिळू नका. मे अर्धा सरला की मी हात लावत नाही, कारण पुढचे चार महिने माशीला बाहेर फारसं काही मिळत नाही. निदान तीन भरलेली पोळी तिच्यासाठी राहू देते.

पावसात आडफळी पुढे घेऊन घर लहान करते. आतला मध संपत आला असेल तर साखर आणि पाणी सारख्या मापाने उकळून, गार करून, संध्याकाळी करवंटीत आडफळीमागे ठेवते. वर काड्या टाकते म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाऊस ओसरून किंजळीला तुरे आले आणि पायांना पराग लावून माश्या परतताना दिसल्या, की साखर बंद.