विश्वचषक गावात दाखवायचाय? आधी किल्ली घ्या

२० ऑगस्ट २०२३, रविवार, दुपारचे साडेतीन. तिकडे सिडनीत महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन आणि इंग्लंड. इकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या गावात, शाळेच्या हॉलमध्ये, चटईवर सदतीस पोरी. प्रोजेक्टर लागला, आवाज आला, सगळं नीट. २९व्या मिनिटाला स्पेनच्या ओल्गा कार्मोनानं डाव्या पायानं चेंडू लांबच्या कोपऱ्यात खालून घातला, तेव्हा अशी किंकाळी उठली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग मध्यंतर झालं. पोरी मागच्या बाजूला गेल्या तर बाथरूमला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा दुसऱ्या दिवशीच्या पंचमीसाठी बहिणीला आणायला तिच्या गावाला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांची काय चूक? जवळ राहणाऱ्या पोरी घरी गेल्या, लांबच्या त्यांच्या सोबतीनं गेल्या. पंचमीच्या आदल्या दिवशी घरात सापडलेली पोरगी आई परत सोडते होय? लाह्या, लाडू, सगळं बाकी असतं. दुसऱ्या अर्ध्यात हॉलमध्ये नऊ पोरी उरल्या, आणि खिडकीत चढलेली वीसेक पोरं.

पंच बाईंनी बाजूच्या पडद्यावर बघून येऊन माइकवरून पेनल्टी जाहीर केली, स्पेनच्या हेर्मोसोनं ती मारली आणि इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्सनं अडवली, ते सगळं याच दुसऱ्या अर्ध्यात. आमच्या पोरींची गोलकीपर तेव्हा घरी गूळ चिरत होती. तिनं तो झेल नंतर फोनवर पाहिला, बोटाएवढा.

मी स्वतः बाई. फलकाचा रंग ठरवायला दोन दिवस घालवले आणि हे विसरले. म्हणून ही यादी. बाकीचं विसरलात तर निभावून जाईल. किल्ली विसरू नका.

पुढचा विश्वचषक २०२७ चा, ब्राझीलमध्ये, २४ जून ते २५ जुलै. दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच. ३२ संघ, ६४ सामने. सगळे दाखवायच्या फंदात पडू नका, आम्ही गेल्या खेपेला पाच ठरवले आणि दोन जमले. १९९१ पासून झालेल्या नऊ विश्वचषकांत भारत एकदाही नव्हता, त्यामुळे ‘आपली मॅच कधी’ या प्रश्नावर पोरींना बोलवायची सवय लावू नका. त्यांना एखादी खेळाडू द्या, ती पुरते. आमच्याकडच्या चार पोरी २०२२ च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीत चोर्ला घाट उतरून मडगावला गेल्या होत्या. तिथल्या फातोर्ड्याच्या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे उपांत्य सामने होते, कोलंबियानं नायजेरियाला पेनल्टीवर हरवलं. पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल मारणारी लिंडा कायसेदो दिसली तेव्हा या चौघी ओरडल्या, “ही तर फातोर्ड्याची!” जणू मामाच्या गावची. तिथून पुढे कोलंबिया हाच आमचा संघ. कोल्हापुरात पेठांवरून संघ ठरतो, आमचा असा ठरला.

वेळ. ब्राझीलची आठही शहरं एकाच घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथले दुपारचे एक म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. तिथले चार म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे पहाटेचे साडेतीन. या शेवटच्या दोन वेळांना तारीखही उलटते हे ध्यानात घ्या. वेळापत्रकात शनिवार असेल तर आपल्याकडे रविवार लागलेला असतो. वेळ सांगताना ‘शनिवारी रात्री साडेबारा’ असं कधीही लिहू नका, अर्धं गाव एक दिवस आधी येईल. ‘शनिवारी जेवून झोपायच्या वेळेला’ असं तोंडी सांगा. साडेनऊचे सामने घ्या. साडेबाराचे फक्त बाद फेरीतले. साडेतीनच्या नादाला लागू नका, कारण हे दिवस रोप लावणीचे. दिवसभर चिखलात वाकलेली बाई पहाटे साडेतीनला उठून बसेल ती दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी, फुटबॉलसाठी नव्हे. असले सामने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखवा आणि निकाल सांगणाऱ्या पोराला बाहेर काढा. अंतिम सामन्याची तारीख रविवार, म्हणजे उशीर झाला तर सोमवारची शाळा. मुख्याध्यापकांशी आधी बोला.

रात्रीचा सामना म्हटल्यावर किल्लीचं काम दुप्पट झालं, हे कळलं ना? दुपारी पोरी घरी तरी जाऊ शकल्या. रात्री साडेदहाला, जुलैच्या पावसात, कुठं जातील?

तर महिनाभर आधी, जागा मागायला जाल त्याच दिवशी, हॉलची किल्ली आणि बाथरूमची किल्ली अशा दोन वेगळ्या किल्ल्या मागा. ‘हॉल मिळाला’ म्हणजे बाथरूम मिळालं असं नसतं. आम्हाला तसंच वाटलं होतं. बाथरूमच्या किल्लीची दुसरी करून घ्या, तीस-चाळीस रुपयांचं काम. एक तुमच्याकडे, एक हॉलपासून जवळच्या घरातल्या बाईकडे. बाईकडे, बुवाकडे नव्हे. पोरगी रात्री कुणाच्या तरी काकांकडे किल्ली मागायला जाणार नाही, कळ काढत बसेल नाहीतर उठून जाईल. मग एकदा स्वतः जाऊन कुलूप उघडून बघा. गंजलेलं असतं. आत कडी लागते का बघा. दिवा लागतो का बघा. नळाला पाणी येतं का बघा, आणि येत असलं तरी पिंप भरून ठेवा, कारण लाइट गेली की मोटार बंद, मोटार बंद की टाकी रिकामी. बादली, मग, साबण. कोपऱ्यात पॅडचं एक पाकीट आणि कागदात गुंडाळून टाकायला डबा. हॉलपासून तिथपर्यंतची वाट रात्री चालून बघा. आमच्याकडे त्या वाटेवर पावसाळ्यात जळवा असतात आणि कधीमधी लांबडंही, म्हणजे साप. दारापाशी बॅटरी टांगून ठेवा, दोरीनं बांधून, नाहीतर पोरं नेतात.

हे सगळं मंडळाच्या बैठकीत बोलताना लोक हसतील. आमच्यातही हसले. “आक्का, फुटबॉलचं बोल की गा!” हे फुटबॉलचंच आहे म्हणून सांगा आणि पुढे चला.

परवानगी. हॉल बंद असेल आणि आवाज आतच राहणार असेल तर फारसं अडत नाही, पण रात्री दहानंतर बाहेर कर्णा लावायचा नाही, नियम सगळ्या देशाला एक आहे. पोलिस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा, कन्नडमध्ये, पोच घ्या. फलक दोन्ही भाषांत, कन्नड वर आणि ठळक. यावरून आमच्या भागात काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री आपल्याला वाद नकोय, मॅच बघायचीय. तसंही आमच्या पोरी मैदानात मराठी ‘पास दे’ आणि कन्नड ‘कोडे’ (म्हणजे ‘दे’च) एकाच वाक्यात ओरडतात. तिकीट लावू नका, दुकानाची जाहिरात टांगू नका. पैसे आले की तो धंद्याचा कार्यक्रम ठरतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो. चहाचा खर्च वर्गणीतून करा.

मधेच आषाढी आहे. गावातली दिंडी पंढरपूरला जाते, मागे राहिलेल्यांचं भजन याच हॉलमध्ये असतं. बुवांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका. आणि घरोघरी आयांना विचारा. वॉट्सअॅपवर नको, तो फोन भावाच्या खिशात असतो. आईला तीनच गोष्टी कळायला हव्यात: किती वाजता सुटेल, घरी कोण सोडेल, आणि तिथं बाथरूम आहे का. तिसरा प्रश्न ती तोंडानं विचारणार नाही. तुम्हीच सांगा. “उघडं आहे, दिवा आहे, किल्ली माझ्याकडे आहे.” हे वाक्य पाठ करा.

आता वीज. जुलैतला तरणा पाऊस सुरू झाला की खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाड तारेवर पडतं आणि लाइट कधी येईल हे देव जाणे. अंतिम सामना तर त्याच्या नंतरच्या म्हाताऱ्या पावसात. तेव्हा हिशेब करा. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची, बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात हजार-बाराशे धरा. प्रोजेक्टर ३०० वॅट, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून आणखी शंभर. म्हणजे अडीच-तीन तास, तेही बॅटरी नवी असेल तर. बाद फेरीतला सामना बरोबरीत गेला तर अर्धा तास जादा, वर पेनल्टी. २०२३ ला ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सची पेनल्टी वीस किकपर्यंत गेली, ७-६. तसं झालं तर तुमचा पडदा नेमका शेवटच्या किकला काळा होईल. त्यामुळे प्रोजेक्टरचा हट्ट सोडा, एखादा ४३ इंची टीव्ही मागून आणा, शंभर वॅटच्या आत भागतो. पोरी पुढे सरकून बसतील. बाथरूमचा दिवाही त्याच इन्व्हर्टरवर घ्या. दहा वॅटचा बल्ब आहे, कंजूषपणा करू नका.

इंटरनेटवर विसंबायचं असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि हॉलच्या कुठल्या खिडकीत रेंज येते ते आधी शोधून ठेवा.

पत्र्यावर पाऊस पडायला लागला की समालोचन ऐकू येत नाही, मोठा स्पीकर आणला तरी. फळ्यावर दोन्ही संघांची नावं, जर्सीचे रंग आणि चार-पाच खेळाडूंचे नंबर खडूनं लिहा. ऑफसाइड समजावायला एक पोरगी नेमा. आम्ही नेमली नव्हती, तर एका आजीला शेवटपर्यंत वाटत होतं की गोल झाल्यावर झेंडा वर करणारी बाई चिडकी आहे. (तशी आजी फार चुकली नव्हती.) मुलग्यांना यायचं तर येऊ दे, पण मागे. पुढच्या चटया पोरींच्या. खिडकीत कुणी चढायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी: चटया, छत्र्या ठेवायला पोतं, चहा, चुरमुरे. चालू फोन बंद. सहाला इन्व्हर्टर तपासा. सातला किल्लीनं कुलूप उघडून कुलूपच काढून खिशात ठेवा, म्हणजे मध्येच कुणी शहाणा येऊन लावणार नाही. हे आमच्याकडे नंतर एकदा झालं, एवढं रामायण होऊनसुद्धा. मध्यंतराला पंधरा मिनिटं असतात, पोरी तीस-चाळीस, बाथरूम एक. चाळिसाव्या मिनिटापासूनच दोघी-दोघी पाठवायला सुरुवात करा. गोल चुकेल म्हणून कुरकुरतील, पाठवा.

सुटल्यावर गल्लीप्रमाणे गट, प्रत्येक गटात दोन मोठ्या बायका आणि एक बॅटरी. पोरगी दारात शिरली की एक मिस कॉल. सगळे कॉल आल्याशिवाय तुम्ही झोपायचं नाही.

नंतरचं काय, झाडलोट. टीव्ही ज्याचा त्याला. चटया वाळायच्या नाहीत, पंख्याखाली टाका. बाथरूम धुऊन घ्या, स्वतः, नाहीतर पुढच्या वेळी हॉल मिळणार नाही. हॉलची किल्ली मामांना द्या. दुसरी देऊ नका, २६ जुलै उजाडेपर्यंत ती तुमच्याकडेच राहू दे.