लाळ-स्टार्चचा प्रयोग फसतो कुठे? या चुका टाळा

लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते आणि आयोडीनचा निळा-काळा रंग येईनासा होतो. पुस्तकात प्रयोग दोन ओळींत संपतो. प्रयोगशाळेत मात्र कुणाची परीक्षानळी तास संपेपर्यंत निळीच, तर कुणाची पहिल्याच थेंबाला पिवळी. बहुतेक वेळा विकर बिचारे निर्दोष असते.

स्टार्च गरम असतानाच लाळ घालणे

रंग न जाण्याचे नेहमीचे कारण हेच. 60 अंश सेल्सिअसच्या पुढे हे विकर पटकन निकामी होते. 1 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आधी 10 मिली थंड पाण्यात कालवा, मग 90 मिली उकळत्या पाण्यात ढवळत ओता आणि दोन मिनिटे उकळू द्या. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात, आणि कच्च्या कणांवर अमायलेज फार हळू चालते. द्रावण पूर्ण थंड झाल्यावरच वापरा. गव्हाचे पीठ नको, त्यात स्वतःची अमायलेजे असतात.

लाळ जशीच्या तशी घेणे

आधी चूळ भरा. तोंडात गोळी-चॉकलेटचा अंश राहिला, तर पुढे साखरेची चाचणी फसते. मग 1 मिली लाळेत 19 मिली पाणी घाला. न पातळ केलेली लाळ स्टार्च इतक्या झटपट संपवते की मधले रंग दिसतच नाहीत. पाणी डिस्टिल्ड असेल तर चिमूटभर मीठ टाका, कारण या विकराला क्लोराइड लागते.

आयोडीन नळीतच ओतणे

सर्वांत जास्त होणारी चूक. आयोडीन स्टार्चच्या साखळीत अडकून बसते आणि विकराचे काम मंदावते. 5 मिली स्टार्च आणि 1 मिली पातळ लाळ 37 अंशांच्या पाण्यात ठेवा. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब आधीच मांडून ठेवा आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यावर सोडा. निळा-काळा, जांभळा, लालसर तपकिरी आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळा, असा क्रम दिसायला हवा. आयोडीन फार गडद असेल तर शेवटचे दोन रंग एकसारखेच दिसतात. ते फिकट पिवळे होईपर्यंत पातळ करा. ड्रॉपर प्रत्येक नळीला वेगळा. लाळेचा ड्रॉपर स्टार्चच्या बाटलीत बुडाला, की ती बाटली गेलीच समजा.

निळा रंग गेला म्हणजे पचन झालेच, असेही नाही. गरम द्रावणात तो रंग आपोआप उडतो आणि थंड झाल्यावर परत येतो. आम्लाचा परिणाम पाहायला लिंबू पिळले तर त्यातले क जीवनसत्त्वच आयोडीन खाऊन टाकते. त्यासाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, जठरातही तेच असते. तीव्र अल्कलीतही आयोडीनचा रंग जातो. शंका आली तर रंग गेलेल्या थेंबावर ताज्या स्टार्चचा एक थेंब टाका. लगेच निळे झाले तर आयोडीन शाबूत आहे आणि नमुन्यातला स्टार्च खरोखरच संपला होता. काहीच झाले नाही तर आयोडीनच संपले आहे.

उकळलेल्या आणि बर्फातल्या नळीचा निष्कर्ष एकच लिहिणे

तुलनेसाठी एका नळीत उकळलेली लाळ घालतात, दुसरी नळी बर्फात ठेवतात. आयोडीनने दोन्ही निळ्या राहतात, पण कारण वेगळे. थंडीत विकर फक्त मंदावते. बर्फातली नळी 37 अंशांच्या पाण्यात आणली की रंग जायला लागतो. उकळलेल्या लाळेतल्या विकराची रचनाच बिघडलेली असते, ते परत कामाला लागत नाही. मात्र लाळ पाच-दहा मिनिटे नीट उकळा. नुसती कोमट केली तर हीही नळी पिवळी पडेल.

माल्टोज तयार झाल्याचा पुरावा साखर ओळखणाऱ्या बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने मिळतो: नळीतले मिश्रण आणि हे द्रावण, दोन्ही 2-2 मिली, उकळत्या पाण्याच्या बीकरमध्ये पाच मिनिटे, रंग हिरव्यापासून विटकरीपर्यंत. शेजारी नुसत्या स्टार्चची आणि नुसत्या लाळेची नळी ठेवाच. त्या निळ्या राहिल्या तरच तुमचा विटकरी रंग खरा.

शेजाऱ्याला तीन मिनिटे लागली आणि तुम्हाला आठ, म्हणून वहीत खाडाखोड करू नका. लाळेतले अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. म्हणून एका मालिकेतल्या सगळ्या नळ्यांना एकाच माणसाची लाळ वापरा आणि ज्याची लाळ, त्यानेच त्या नळ्या हाताळून धुवाव्यात.