घरी मामा किंवा आया ठेवताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, नऊ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला आणि त्याच संध्याकाळी कोथरूडच्या घरी मामा, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस, हजर. इतकं पटापट झालं की आम्हा भावंडांना वाटलं, काय मॅनेज केलंय आपण! पुढच्या दीड वर्षात कळलं की माणूस मिळणं हाच सगळ्यात सोपा भाग होता. पैसे किती, कुठून आणि कुणाच्या सहीनं, यात आमचे हाल झाले.

"मेडिक्लेम आहे ना, मग काय टेन्शन"

पॉलिसीत ‘डोमिसिलिअरी’ हा शब्द दिसला की घरचा खर्च कव्हर आहे असं वाटतं. पण ते म्हणजे अ‍ॅडमिट करायची गरज असूनही करता आलं नाही म्हणून घरीच दिलेली ट्रीटमेंट. अंघोळ घालायला, कुशीवर वळवायला, डायपर बदलायला ठेवलेल्या माणसाचे पैसे त्यात बसत नाहीत. 70 आणि त्यापुढच्यांना उत्पन्न न बघता मिळणारं सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालंय, 5 लाखांचं कव्हर आहे, जरूर काढा, पण तेही अ‍ॅडमिट झाल्यावरचं आणि डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतचं. सोळाव्या दिवसापासून सगळं आपल्या खिशातून. आम्ही क्लेम येईल येईल म्हणत दोन महिने काढले आणि तोवर एफडी मोडायची वेळ आली.

फक्त दिवसाचा रेट विचारणं

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. समजा 12 तासांचे 800 सांगितले तर महिन्याचे 24,000 असा हिशोब करून आपण मोकळे होतो. त्यात रजिस्ट्रेशन नाही, डिपॉझिट नाही, 24 तासांचा माणूस असेल तर त्याचं चहा-नाश्ता-जेवण नाही, डायपर, अंडरपॅड, फिजिओ काहीच नाही. आणि सुट्ट्या! आमचे मामा गणपतीत चार दिवस म्हणून गावी गेले ते अकराव्या दिवशी उगवले, मधे आलेला बदली माणूस बाबांना उचलायलाच घाबरत होता आणि त्याचा रेट वर जास्त, त्यामुळे मी ऑफिसची रजा टाकून घरी बसले ती वेगळीच. बाबा मधे परत अ‍ॅडमिट झाले त्या सहा दिवसांचेही पैसे ब्युरोनं लावले, कारण फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं होतं आणि तो फॉर्म मी वाचलाच नव्हता.

तर रेटच्या आधी हे विचारा: बदली माणूस किती तासांत आणि कुठल्या रेटनं, खाडे कापणार का, पेशंट हॉस्पिटलात असेल तर काय, डिपॉझिट कधी परत, आणि नंतर त्याच माणसाला डायरेक्ट ठेवलं तर दंड आहे का. उत्तरं फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. "सगळे व्हेरिफाइड आहेत मॅडम" असं म्हणाले की पोलिस व्हेरिफिकेशनचा कागद मागा, आणि आधारची कॉपी आपल्याकडे ठेवा.

अजून एक, नर्स आणि मामा यातला फरक. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नाकातली नळी घालणं ही ट्रेंड नर्सची कामं, मामांना "तेवढं बघा ना" म्हणू नका. उलट कॅथेटर महिन्यातून एकदोनदा बदलायचा असतो म्हणून अख्ख्या दिवसाची नर्सही ठेवू नका, व्हिजिटला येणारी सिस्टर मिळते, तेवढ्याचेच पैसे जातात.

बाबांचे पैसे बाबांनाच काढता येईनात

पेन्शन येत होती, एफडी होती, पण उजवा हात गेलेला, सही जुळेना आणि चेक परत आला. सहा महिने भावानं आणि मी घातले, मग ‘तू किती, मी किती’ सुरू झालं, ते इथे नको. नंतर कळलं की आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, अगदी पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी. शाखेत जाऊन हे ठामपणे विचारा, काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं. 70 च्या वरच्यांसाठी घरी येऊन सेवा द्यायची सोयही बँकांकडे असते.

पण हे माणूस शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असेल तरच. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढल्यावर आधी केलेली साधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही कायद्यानं चालत नाही, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून विसराळूपणा सुरू होतोय असं दिसतंय तेव्हाच खातं ‘आयदर ऑर सर्व्हायवर’, म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीनं चालणारं जॉइंट, करून टाका. वाईट वाटतं बोलायला, आईही माझ्यावर चिडली होती.

टॅक्सकडे आमचं लक्षच नव्हतं. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर बाबांच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये इन्कम टॅक्सच्या कलम 80यू खाली 75,000 ची वजावट, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000, आणि त्याला बिलंही लागत नाहीत. हे सगळं जुन्या टॅक्स रिजीममध्येच, त्यामुळे आधी सीएला जुना आणि नवा दोन्ही हिशोब करायला सांगा. 1 एप्रिल 2026 पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा म्हणून कलमांचे नंबर वेगळे, पण जुन्या नंबरानं विचारलं तरी सीएला कळतं. केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर 80 पूर्ण झाल्यावर पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, ती लागली का हे पासबुकात बघा.

आधी विकत घेणं, मग विचारणं

मदत कुठे मिळते हे आम्ही शेवटी शोधलं. 14567 ही ज्येष्ठांची एल्डर लाइन, फोन फुकट आहे, योजना आणि कायदेशीर गोष्टींची माहिती देतात. पार्किन्सन्स (कंपवात) असेल तर पुण्यात पेशंट आणि घरच्यांना आधार देणारं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. कॅन्सरच्या पेशंटसाठी वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) सेंटर आहे, तिथे पैसे घेत नाहीत. घरचं वर्षाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत आणि वयाची 65 पूर्ण असतील तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, कमोड खुर्ची असल्या गोष्टींसाठी एकदाच 3,000 मिळतात. आणि एरियातला ज्येष्ठ नागरिक संघ, त्याला हसू नका, कुठले मामा चांगले आणि कुठला ब्युरो डिपॉझिट बुडवतो हे तिथल्या काकांना तोंडपाठ असतं.

बेड, व्हीलचेअर, वॉकर विकत घेऊ नका. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत, डिपॉझिट भरून वस्तू वापरायला मिळते. आम्ही पहिल्याच आठवड्यात घाबरून नवा फाऊलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा हॉस्पिटलसारखा बेड) घेतला होता, बाबा गेल्यावर चार महिने तो हॉलमध्येच होता, अर्ध्या किमतीलाही कुणी घेईना, शेवटी केंद्रातच देऊन आलो.