एकच यूएसबी-सी पोर्ट, कधी वीज घेणारं, कधी देणारं: भाग कसे निवडायचे

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं बोर्ड डिझाइनचं काम चालतं. सध्या टेबलावर सोसायटीच्या पंपघरात बसणारा एक लॉगर आहे. पालिकेचं पाणी कधी आलं, टँकर किती आले, पंप किती वेळ चालला, सगळं तो लिहून ठेवतो. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत या नोंदींवरून मीटिंगा रंगतात. त्याला पोर्ट एकच. त्यातूनच बॅटरी चार्ज करायची आणि त्यातच पेनड्राइव्ह लावून सेक्रेटरींनी महिन्याचा हिशोब उतरवून घ्यायचा.

असं पोर्ट करायला घेतलं की लोक आधी चिपची डेटाशीट उघडतात. मी कागद घेतो. पोर्टला काय काय लागणार ते एकाखाली एक लिहायचं आणि प्रत्येकासमोर दोन प्रश्न: वीज कोण देणार, आणि डेटाचा होस्ट, म्हणजे डेटाची देवाणघेवाण चालवणारा, कोण?

आमच्या यादीत चार्जर वीज देतो, डेटा नाही. लॅपटॉप वीज देतो आणि होस्टही तोच. पेनड्राइव्हला वीज आम्ही देतो, होस्टही आम्हीच. म्हणजे डेटा आहे तिथे वीज देणाराच होस्ट. असं असेल तर यूएसबी पीडीच्या, म्हणजे वीज कोण किती देणार हे संदेशांनी ठरवण्याच्या, भानगडीत पडू नका. कनेक्टरच्या सीसी पिनांवरून समोर कोण आहे ते ओळखणारी साधी सीसी चिप पुरते. पण ‘हबमधून चार्जही व्हावं आणि त्याच वेळी पेनड्राइव्हही वाचावा’ अशी एक ओळ जरी आली, तरी वीज घेणारा होस्ट झाला. मग भूमिका बदलण्याचे पीडी संदेश लागतात आणि साधी चिप बाद. अशा वेळी एफयूएसबी३०२बी घ्या, पण पीडीचं फर्मवेअर तुमच्या माथी येतं हे लक्षात ठेवा. मायक्रोकंट्रोलर अजून ठरलेला नसेल तर एसटीएम३२जी०७१ बघा, त्यात पीडीचा भाग आतच आहे. सीएच२२४के किंवा एसटीयूएसबी४५०० स्वस्त दिसतात म्हणून उचलू नका. त्या फक्त वीज घेणाऱ्या आहेत.

मी टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) टीयूएसबी३२०एलएआय ही सीसी चिप घेतली, आणि कारण आहे यादीतली चौथी ओळ: फोन. फोनही दोन्ही भूमिका करतो. अशी दोन पोर्टं समोरासमोर आली की कोण देणार आणि कोण घेणार हे नशिबावर. आमचा लॉगर सेक्रेटरींचा फोन चार्ज करत बसला तर बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही. या चिपला आय-टू-सीवरून (चिपांमधली दोन तारांची जोडणी) ‘आधी घेणारा होऊन बघ’ असं सांगता येतं, त्याला ट्राय-सिंक म्हणतात. एलएआय आणि एचएआय या भावंडांत चिप चालू करणारा इनेबल पिन उलटा आहे, ऑर्डर देताना शेवटची अक्षरं वाचा. व्हीबस (यूएसबीतली वीज वाहणारी तार) ओळखायच्या पिनला ९०० किलोओहमचा रेझिस्टर लागतो. पॅकेज १.६ मिलिमीटरचं आहे, साध्या सोल्डरिंग आयर्नने जमणार नाही. स्टेन्सिल आणि हॉट एअर हवं.

चार्जिंगसाठी बीक्यू२५८९५. बॅटरीवरून उलटे ५ व्होल्ट बाहेर द्यायचं कामही ती करते, म्हणून व्होल्टेज वाढवणारं वेगळं बूस्ट सर्किट वाचतं. हे उलटे ५ व्होल्ट चालू करणारा तिचा ओटीजी पिन रेझिस्टरने खाली, म्हणजे ग्राउंडला, बांधा. ‘समोर घेणारा जोडला गेला’ असं सीसी चिपने कळवल्यावरच मायक्रोकंट्रोलरने तो वर करायचा. काहीही लावलेलं नसताना व्हीबसवर शून्य व्होल्ट हवेत, यात तडजोड नाही.

वीज देताना पोर्ट सीसीवरून ‘मी इतका करंट देऊ शकतो’ असं समोरच्याला सांगतं. ही जाहिरात डिफॉल्ट करंटचीच ठेवा. पेनड्राइव्हला ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅट झाले, आणि त्यासाठी ३.७ व्होल्टच्या बॅटरीतून, रूपांतरातला तोटा धरून, साधारण पाऊण अँपिअर जातो. ३ अँपिअरची जाहिरात छोट्या सेलने करणं म्हणजे खिशात शंभर असताना पंगतीला आमंत्रण. घेताना मात्र समोरचा डिफॉल्ट, १.५ की ३ अँपिअर म्हणतोय ते चिपच्या रजिस्टरमधून वाचून चार्जरची मर्यादा त्याप्रमाणे लिहा.

व्हीबसवर, पोर्ट मोकळं असताना दिसणारी एकूण कपॅसिटन्स १ ते १० मायक्रोफॅरडमध्येच बसवा. पेनड्राइव्ह काढल्यावर व्हीबस ६५० मिलिसेकंदांत ०.८ व्होल्टखाली यायला हवा. व्हीबस ते ग्राउंड १० किलोओहम लावला तर १० मायक्रोफॅरड साधारण १८० मिलिसेकंदांत तिथे उतरतात, आणि ५ व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअरच खर्च होतो. पण तो कायमचा जोडून ठेवू नका. आपण वीज देत नसताना व्हीबस ते ग्राउंड किमान ७२.४ किलोओहम दिसायला हवेत, म्हणून हा रेझिस्टर मॉस्फेटमधून तेवढ्यापुरताच जोडा.

कनेक्टर १६ पिनांचा घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ६ पिनांचा स्वस्तात पुढे करतात, पण त्यात डेटाच्या तारा नसतात. कवचाचे पाय बोर्डातून आरपार जाणारे हवेत, नाहीतर पंपघरात कोणी केबलला हिसका दिला की पॅडसकट उखडून येईल. सीसीचे पिन व्हीबसला लागून असतात. आपण ५ व्होल्टवरच आहोत म्हणून सीसीवर कमी कपॅसिटन्सचे टीव्हीएस डायोड (अचानक आलेला जादा व्होल्टेज अडवणारे) पुरतात. पीडीने २० व्होल्ट मागणार असाल तर टीपीडी६एस३०० सारखी संरक्षण चिप हवी. तिच्यातले मृत बॅटरीसाठीचे आरपीडी पिन जोडायला मात्र विसरू नका. यंत्र पूर्ण मेलेलं असताना सीसीवर ५.१ किलोओहम दिसला नाही, तर सी-टू-सी केबलवर चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही.

टीयूएसबी३२० मध्ये हे रेझिस्टर आतच आहेत, मेलेल्या बॅटरीसाठीचेसुद्धा. इंटरनेटवरच्या सर्किटात बघून बाहेरून आणखी ५.१ किलोओहम लावू नका, दोन समांतर पडले की मूल्य निम्मं होतं.

चाचणीच्या डब्यात लॅपटॉपची ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी आतली चिप) असलेली जाड केबल ठेवाच. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या बोर्डांत दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. साध्या केबलवर ते चाले, ई-मार्करवाल्या केबलवर चार्जरला समोर ऑडिओ अडॅप्टर आहे असं वाटे आणि तो वीज देत नसे. हीच केबल, दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून, आधी मेलेल्या बॅटरीवर आणि मग भरलेल्या बॅटरीवर तपासा.