टाइमलाइन अडखळतेय? फाइली कन्व्हर्ट करताना या चुका टाळा

फिल्ममेकिंगच्या वर्गात शूटिंगचा दिवस मजेत जातो. रडारड सुरू होते ती एडिटिंगला बसल्यावर. प्ले दाबलं की चित्र अडकतं आणि आवाज पुढे पळतो. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘फाइल लहान कर.’ मुलं एच.२६५ची, म्हणजे व्हिडिओ खूप दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटची, क्लिप घेऊन तिची निम्म्या आकाराची एच.२६५ फाइल बनवतात. अडखळणं जवळपास तसंच राहतं.

फाइल लहान म्हणजे हलकी, हा समज आधी सोडा. जागा वाचवण्यासाठी बरेच कॅमेरे अधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण लिहितात. पुढच्या दहा-पंधरा फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच नोंदवतात. तुम्ही मधल्या फ्रेमवर कट मारायला थांबलात की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यावं लागतं. उलटं प्ले केलंत तर विचारूच नका. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. फाइल फुगते, पण काम पळतं. काहीजण कॅमेऱ्यातली एमटीएस फाइल, आतला व्हिडिओ न बदलता, नुसती एमपी४मध्ये टाकतात. डबा बदलला, भाजी तीच.

हे कळलं की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळं फोरके आकारात प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रोरेसच्या जड प्रकारात बदलतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका तासाला साधारण ३३० जीबी! कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्यातून येत नाही. कट लावायला १०८० आकाराची प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटिंगपुरती केलेली हलकी नक्कल, पुरते, तासाला सुमारे १७ जीबी. शेवटी तिच्या जागी मूळ फाइल जोडायची.

प्रॉक्सी मूळ फाइलला जोडली जात नसेल तर चार गोष्टी तपासा: नाव, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) आणि ऑडिओ चॅनेल. नावाचा घोळ नेहमीचा. दोन कार्डांवर सी०००१ नावाच्या दोन वेगळ्याच क्लिप असतात आणि मुलं सगळं एकाच फोल्डरमध्ये ओततात. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करा, प्रॉक्सीच्या फोल्डरचीही रचना तशीच ठेवा.

मोबाइलच्या क्लिपची गोष्ट वेगळी. मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी जुळत नाहीत. फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’, म्हणजे कमीजास्त होणारा, दिसला तर चोर सापडला. इथे नुसती प्रॉक्सी करून भागत नाही, कारण शेवटी मूळ फाइल जोडलीत की घसरण परत येऊ शकते. अशी क्लिप शटर एन्कोडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण आकारात, स्थिर फ्रेम रेटवर प्रोरेस एलटी या प्रोरेसच्या हलक्या प्रकारात बदला आणि पुढे तीच मूळ समजा. स्थिर करताना तिचा स्वतःचा दर धरा. ३०ची क्लिप टाइमलाइन २५ची आहे म्हणून इथेच २५ केलीत तर काही फ्रेम गळतात आणि पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, झटके दिसतात.

एक्सपोर्टआधी एडिटिंग सॉफ्टवेअरमधली प्रॉक्सी वापरण्याची खूण काढली आहे ना, ते बघा. धूसर फिल्म मोठ्या पडद्यावर बघताना संपूर्ण वर्ग गप्प बसतो, मी अनुभवलंय. आणि प्रॉक्सी झाल्या म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका. आधी अख्खं कार्ड, आतल्या फोल्डरांसकट, दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा.