एक दुष्काळ, चार विषय: नववी-दहावीच्या मुलांनी अभ्यास कसा जोडावा

सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात, एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. माझा मूळ विषय मराठी, पण आमच्याकडे शिक्षक कमी असल्यामुळे इतिहास-राज्यशास्त्राचे आणि गरज पडली तेव्हा विज्ञानाचे तासही घेतले. काही वर्षांपूर्वी सहामाहीचे पेपर तपासताना एकाच मुलाच्या चार विषयांच्या उत्तरपत्रिका एका बैठकीत हाताखाली आल्या. मराठीचा निबंध, विज्ञानातलं कारण, इतिहासाची टीप, राज्यशास्त्राचं उत्तर, सगळीकडे एकच वाक्य: 'पाऊस न पडल्यामुळे दुष्काळ पडतो व लोकांचे हाल होतात.' या मुलाच्या दारात टँकर येत होता. त्याची आजी बहात्तरच्या (१९७२च्या) दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेलेली होती. यातलं काहीच चार पेपरांत कुठे उतरलं नव्हतं. चूक त्याची नव्हती. प्रत्येक विषय वेगळा प्रश्न विचारतो, हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी दर वर्षी मुलांकडून एक काम करून घेते. गावातली एकच गोष्ट धरायची आणि ती चारही विषयांतून नेऊन आणायची. कसं करायचं ते इथे लिहिते. पालकांना घरीही हे करून घेता येईल.

गोष्ट कोणती निवडायची

आमच्याकडे अर्थातच दुष्काळ. तुमच्याकडे खाडीकाठची खारी जमीन असेल, बंद पडलेली गिरणी असेल, साखर कारखाना असेल. मी चार कसोट्या लावते. ती जागा घरापासून चालत जाण्याजोगी हवी. तिच्याबद्दल बोलेल असं कोणीतरी वयस्कर माणूस ओळखीचं हवं. तिच्यातलं काहीतरी मोजता आलं पाहिजे. आणि तिचं नाव एखाद्या सरकारी कागदावर असलं पाहिजे. यातली एक जरी कसोटी लागू झाली नाही तरी एक विषय कोरडा राहतो. 'प्रदूषण' किंवा 'स्त्रीशिक्षण' असा मोठा मथळा घेऊ नका, मुलं लगेच पाठ्यपुस्तकातला उतारा उतरवतात.

साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पाहिलेलं, ऐकलेलं, मोजलेलं लिहायचं. उजवं पान पाठ्यपुस्तकातल्या संज्ञांसाठी राखायचं, आणि ते नंतर भरायचं.

आधी आजीशी बोला

सुरुवात मी नेहमी इतिहासाने करते, कारण माणसं थांबत नाहीत. बहात्तरला ज्या बाया कामावर होत्या, त्यांतल्या दर वर्षी थोड्या कमी होतात.

'आजी, दुष्काळात खूप त्रास झाला का?' असं विचारलं की आजी 'लई झाला बाळा' म्हणते आणि मुलाखत तिथेच संपते. प्रश्न वस्तूचा विचारा. कामाला निघताना फडक्यात काय बांधून न्यायचीस? घमेलं घरचं की सरकारी? लहान लेकरू कुठे ठेवायचीस? हजेरी कोण घ्यायचं? असं विचारलं की बोलणं थांबत नाही. एका मुलीच्या आजीने सुकडी (दुष्काळात वाटलं जाणारं पिठाचं खाणं) सांगितली, परदेशातून आलेला तांबडा मिलो (ज्वारीसारखं धान्य) सांगितला, आणि त्या मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची ते हाताने करून दाखवलं. त्या मुलीने वहीत आजीच्या हातांचं चित्र काढलं. मी तिला त्याचेही गुण दिले.

आता इतिहासाचं खरं काम. दोन माणसांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहा. आमच्या वर्गात दोन आज्यांनी मजुरीचे वेगवेगळे आकडे सांगितले. मुलांना वाटलं, एकीला नीट आठवत नाही. पुन्हा जाऊन विचारलं तेव्हा कळलं की एक रोजावर होती आणि दुसरी मापावर, म्हणजे जेवढी खडी फुटेल तेवढे पैसे. दोघी खरंच सांगत होत्या. साधनाची चिकित्सा हा शब्द मुलं सहावीपासून पाठ करतात. त्याचा अर्थ त्यांना त्या दुपारी कळला.

यानंतर लिखित आणि भौतिक साधनांकडे या. जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), ग्रामपंचायतीतले जुने कागद, आणि प्रत्यक्ष काम. बहात्तरचा पाझर तलाव किंवा शेतातली ताल (पाणी-माती अडवणारा बांध) अजून उभी असते. आम्ही एकदा म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावावर गेलो होतो. हा तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातूनच उभा राहिला. 'म्हणजे बहात्तरच्या आधीपण लोकांनी असंच काम केलं?' असं एका मुलाने विचारलं, तेव्हा १८७६ ते ७८चा दुष्काळ शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

शब्द वेचा, मग साहित्य वाचा

आजीच्या बोलण्यातले शब्द वेगळ्या पानावर काढा: मस्टर, मुकादम, छावणी, ताल, सुकडी. त्यांच्याशेजारी तीन शब्द लिहा: अवर्षण, दुष्काळ, टंचाई. तिन्ही एकच आहेत असं मुलांना वाटतं. अवर्षण पावसाबद्दल बोलतं. दुष्काळ माणसांबद्दल बोलतो. टंचाई हा कचेरीचा शब्द. सरकारी कागदांत बरीच वर्षं 'टंचाई', 'टंचाईसदृश' असंच लिहून यायचं, आणि 'दुष्काळ' हा शब्द कागदावर यावा म्हणून लोकांना झगडावं लागलं. माझ्या मते मराठीच्या तासात शिकवण्यासारखी यापेक्षा मोलाची गोष्ट नाही. कोणता शब्द वापरला यावर कोणाला काय मिळणार हे ठरतं.

वाचायला मी सावित्रीबाई फुल्यांचं पत्र देते. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. दुष्काळात माणसं आणि जनावरं मरत होती, लोक गाव सोडून निघाले होते, आणि सत्यशोधक मंडळी मदतीला धावली होती. मुलांना हे पत्र तीनदा वाचायला लावा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा पेन्सिलने क्रियापदं अधोरेखित करत: कोण मरतं, कोण जातं, कोण करतं? तिसऱ्यांदा एकच प्रश्न मनात ठेवून, हे कोणी कोणाला लिहिलं आहे? बायको नवऱ्याला लिहिते आहे, आणि कार्यकर्ती आपल्या सहकाऱ्यालाही लिहिते आहे. हेच सगळं मामलेदाराने वरिष्ठांना कळवलं असतं तर कोणती वाक्यं गळली असती? त्याची यादी करा. 'स्वमत' आणि 'अभिव्यक्ती'च्या प्रश्नांना जे उत्तर लागतं, ते या यादीतून आपोआप तयार होतं.

तुकोबांच्या अभंगातही दुष्काळ आहे. पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मुलांना मी एवढंच सांगते की त्यात पैशाबरोबर मानही गेल्याचं का सांगितलं असेल, ते आजीला विचारून या.

मोजल्याशिवाय विज्ञानाचं पान भरू नका

दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, नरसाळं तयार होतं. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून खाली खडे टाका, ते बुडतील इतकं पाणी भरा, आणि त्या पातळीवर शून्याची खूण करा. तिथून वर मोजपट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी, चार विटांच्या मध्ये ठेवा. हवामान खात्याप्रमाणेच रोज सकाळी साडेआठला वाचायचं आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं.

आता गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे मुलांना सांगून पटत नाही, म्हणून मी शाळेच्या अंगणात खडूने एक मीटरचा चौकोन आखते आणि त्यावर एक लिटर पाणी ओतून पसरवते. जेमतेम फरशी ओली होते. मग शाळेचं पत्र्याचं छप्पर मोजायचं. आमच्या एका इमारतीचं २० मीटर बाय ६ मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६०,००० लिटर. उडून, सांडून जाणारं वजा करून ८० टक्के हाती आलं तरी ४८,०००. दहा हजार लिटरच्या टँकरने भागलं की जवळजवळ पाच टँकर निघतात. फळ्यावर हा आकडा आला तेव्हा वर्ग गप्प झाला होता.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. मधे शंभरेक किलोमीटर अंतर. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि पाणी सोडते. घाट उतरताना ती दाबली जाऊन तापते, आणि तापलेली हवा बाष्प सहजी सोडत नाही. पर्जन्यछाया हा शब्द उजव्या पानावर आता लिहा.

दुसरा प्रयोग मुलांना जास्त आवडतो. तळ आणि झाकण कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत तीन-चार बोटं ठोकायचा, लिटरभर पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. एकदा गावाच्या पायवाटेवर, एकदा तालीच्या आतल्या बाजूला. फरक इतका येतो की पाझर तलाव कशासाठी बांधतात हे वेगळं समजवावं लागत नाही. खालचा काळा पाषाण अखंड असेल तर पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. अडवलेलं पाणी तिथे उतरलं की खालच्या अंगाच्या विहिरींना येतं. आजी खडी फोडत होती, टोपली वाहत होती, ती याच्यासाठी.

मामाची पगाराची पावती

राज्यशास्त्र मुलांना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी ते घरातल्या कागदापासून सुरू करते. माणमधल्या बहुतेक घरांतलं कोणीतरी मुंबईला किंवा पुण्याला नोकरीला असतं. त्यांच्या पगाराच्या पावतीवर 'व्यवसाय कर' असा रकाना असतो: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीला पैसा. मामाचा फोन लावा, पावतीचा फोटो मागवा, नाव आणि क्रमांक झाकून वहीत चिकटवा.

मग पाच प्रश्न क्रमाने. मागणी कोणाची होती? निर्णय कोणी आणि कशाने घेतला, ठरावाने की कायद्याने? पैसा कुठला? गावात अंमल कोणी केला? आणि कोण सुटलं, म्हणजे कोणापर्यंत योजना पोचलीच नाही?

दुसऱ्या प्रश्नात मुलं हमखास चुकतात. 'बहात्तरचा दुष्काळ पडला म्हणून रोजगार हमी आली' असं लिहितात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना तासगाव तालुक्यात १९६५ सालीच करून पाहिलेली होती. दुष्काळाने तिला राज्यभर नेलं. कायदा १९७७चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९पासून. म्हणजे तोवर सरकार काम देत होतं, आणि त्यानंतर काम मागणं हा माणसाचा हक्क झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. सावित्रीबाईंचं पत्र १८७७चं आणि हा कायदा १९७७चा, मधे बरोबर शंभर वर्षं. मी दोन्ही वर्षं फळ्याच्या दोन टोकांना लिहिते आणि मधली जागा मुलांना भरायला सांगते. २००५च्या केंद्राच्या कायद्याने वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, ते त्या रेघेच्या पुढे येतं.

'कोण सुटलं' या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'माझे आजोबा एका पायाने अधू होते. मागेल त्याला काम होते, पण त्यांना करता येईल असे काम नव्हते.' धोरणाची चिकित्सा म्हणतात ती हीच.

उत्तर लिहिताना

परीक्षेत सगळी वही ओतायची नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' असेल तिथे आजी आणू नका. हवा, उतार, तापमान, बाष्प, एवढी साखळी एकामागून एक लिहा. इतिहासाच्या टिपेत प्रत्येक विधानाला साल किंवा साधन जोडा. राज्यशास्त्रात कायद्याचं नाव, तरतूद, आणि मग तिची एक मर्यादा. मराठीत मात्र एकच दृश्य जवळून दाखवा: मिलोची तुटणारी भाकरी पुरे, तिच्यापुढे 'अत्यंत हालअपेष्टा' लिहायची गरज नाही. जलसुरक्षा या विषयाच्या प्रकल्पवहीसाठी पावसाच्या नोंदी जशाच्या तशा चालतात.

वेळेचं गणित असं ठेवा. मुलाखती मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारच्या वेळी, आजी उंबऱ्यात निवांत बसलेली असते तेव्हा. मुरण्याचा प्रयोगही मेमध्येच, जमीन कोरडी असताना, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा. ग्रामपंचायतीतले कागद जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना बरोबर घेऊन पाहा. बाटलीचा पर्जन्यमापक मात्र मृग निघायच्या आत मांडून ठेवा. आमच्याकडे एखाद्या वर्षी वळवाचा पाऊसच काय तो नीट पडतो, आणि तो नोंदवायचा राहिला तर वर्षाची बेरीज लागत नाही.