हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटखाली साचलेला बर्फ : माझा अनुभव

आमच्या हीट पंपाचे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचे, बाहेरचे युनिट मी सुरुवातीला सिमेंटच्या ओट्यावर, अगदी बोटभर उंचीवर बसवून घेतले होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात ती चूक लक्षात आली. थंडीत बाहेरच्या कॉइलचे, म्हणजे उष्णता वाहून नेणारा गॅस जिच्यातून फिरतो त्या नळ्यांच्या जाळीचे, तापमान शून्याखाली जाते व हवेतील बाष्प तिच्यावर गोठते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे पंखा थांबवून गॅसचा प्रवाह उलटा फिरवते, तेव्हा युनिटमधून वाफ निघताना दिसते. ती पाहून मी घाबरलो होतो, पण ते बिघाडाचे लक्षण नव्हे. खरा दोष खाली होता. वितळलेल्या पाण्याला वाहून जायला वाटच नसल्यामुळे ते ओट्यावर पुन्हा गोठत गेले, तो थर तळाच्या पत्र्यातील भोकांपर्यंत चढला आणि एका पहाटे पंख्याची पाती बर्फाला घासून खरखरू लागली.

मी ताबडतोब वीजपुरवठा बंद केला. टोकदार वस्तूने बर्फ फोडला असता तर कॉइलला छिद्र पडून सगळा गॅस निघून गेला असता, म्हणून कोमट पाणी हळूहळू ओतून तो काढला. नंतर तंत्रज्ञाकडून युनिट सुमारे ३० सेंटिमीटर उंच लोखंडी स्टँडवर, पायांखाली रबर घालून बसवून घेतले आणि खाली खडी पसरली.

आता दर महिन्याला वीज बंद करून युनिटमागे अडकलेली झाडांची पाने काढतो व कॉइलवरची धूळ मऊ ब्रशने, तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांच्या उभ्या रेषेतच झाडतो. आडवा हात फिरला तर त्या कागदासारख्या पातळ पट्ट्या लगेच वाकतात.